इन्सुलिनची पेटी लेहला जाते

लेहला जाऊन आलेल्या माणसानं सुरुवात तिथल्या आकाशाच्या निळेपणापासून करावी असा जणू दंडकच आहे. सौंसरच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. अशी निळी आकाशं मी कपाटात विषयवार लावून ठेवलेली आहेत. त्यामुळे माझं प्रवासवर्णन पांढुर्ण्यात, संत्र्याच्या गावी, कोंबडीच्या एका अंड्यापासून सुरू होईल.

पांढुर्णा, निघण्याच्या तीन दिवस आधी

माझी थोरली बहीण, आमची ताई, पांढुर्ण्याला राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. अर्धं पांढुर्णा तिच्या हाताखालून गेलंय, म्हणून गावात तिला सगळे 'बाई' म्हणतात. या बाईंनी वर्षानुवर्षं तिसरीच्या पोरांना हिमालय शिकवला, आणि प्रत्यक्षात बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर.

गेली वीस वर्षं तिला मधुमेह आहे, दहा वर्षांपासून रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. यंदा पावसाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याचा पडदा खराब झालाय आणि उजव्याची हमी देता येत नाही. घरी येऊन ताईनं चष्मा पुसला आणि मला फोन केला, "गौतम, ते विहाराची सहल लेहले जाऊन राहिली नं? दोन नावं लिहून टाक."

"पण ताई, डोळे..." मी म्हणालो.

"तोंड पाडून कायले बसला? मी मरायले नाई चालली, बर्फ पाहायले चालली. डोळे आहेत तवरोक पाहून घेते."

फोनवर माझं तोंड तिला कसं दिसलं हे मी विचारलं नाही. शिक्षकांना दिसतं.

तिचा मुलगा मिलिंद नागपूरला असतो. त्यानं परवानगी दिली, पण अट घालून, "मामा, एक जरी डोस चुकला तर पहिल्या विमानानं आईला परत आणायचं." सौंसरच्या आमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून होकार दिला आणि सूचना दिल्या. जितकं लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन न्या. खाली जाणाऱ्या सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात गोठू शकतं. हातातल्या बॅगेतच ठेवा. बर्फाची पिशवी बाटलीला थेट लावू नका. खोलीच्या साध्या हवेत काही आठवडे टिकतं, फक्त उन्हापासून जपा. चिठ्ठी सोबत ठेवा. आणि शेवटचं, "गोठलं तर फेकून द्यायचं. वितळलं म्हणून पुन्हा वापरायचं नाही."

या शेवटच्या सूचनेवर आम्ही दोघं हसलो. सौंसरमध्ये मे महिन्यात नळाच्या पाण्यानं हात पोळतो. आमच्याकडे कशाचं काय गोठणार?

बाटल्या चार होत्या. करंगळीएवढ्या उंचीच्या, काचेच्या. त्या बांधायच्या कशा हा प्रश्न ताईनं पांढुर्ण्याच्या पद्धतीनं सोडवला. तिनं डोमाजीला बोलावलं.

डोमाजी तिचा जुना विद्यार्थी. चौथीत शाळा सोडली आणि संत्र्याच्या पेट्या भरायला लागला. आता पन्नाशीला आलाय. त्यानं भरलेली संत्री ट्रकमधून पार बंगालपर्यंत गेली आहेत, आणि माल दबला म्हणून कधी कोणाचा फोन आला नाही, असं तो स्वतः सांगतो. आंबिया बहाराची तोडणी चालू होती, मंडीत श्वास घेतला तरी संत्र्याची साल सोलल्यासारखं वाटत होतं. अशा धामधुमीत तो आला आणि ताईसमोर हात मागे बांधून उभा राहिला.

"सांगा बाई. माल काय, वजन किती, किती दिवसाचा रस्ता?"

ताईनं बाटली दाखवली. त्यानं ती हातात घेऊन उजेडात धरली, उलटसुलट केली, मानेवर बोट फिरवलं.

"कमजोरी इथं हाय," तो म्हणाला. "संत्र्याची देठात असते, याची मानेत. मान मोकळी राहिली की माल गेला."

जुन्या पेटीच्या फळ्या कापून त्यानं डब्याएवढ्या दोन पेट्या केल्या. खिळा एकही नाही. विमानवाले खिळ्याला घाबरतील म्हणून सुतळीनं बांधल्या. मी विचारलं, "दोन कशाला? चार बाटल्या एकीत मावतील."

"गौतमभाऊ, सारा माल एका गाडीत कोणी भरते का? गाडी पलटली तं?"

"विमान पलटलं तर दुसऱ्या पेटीचं काय करशील?"

"मंग बाईले एका विमानात बसवा, तुमी दुसऱ्यात बसा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. धंद्याच्या बाबतीत त्याला विनोद खपत नाही.

आधी चाचणी झाली. एका पेटीत बाटलीऐवजी अंडं. भोवती तणस, म्हणजे भाताचं वाळलेलं काड, ते त्यानं असं काही दाबलं की मला त्या अंड्याची काळजी वाटली. मग पेटी कानाशी धरून हलवली.

"पेटी बोलली नाई पाहिजे," तो म्हणाला. "बोलली म्हणजे आत माल फिरून राहिला."

आणि ताईच्या माडीवरून ती पेटी त्यानं सरळ अंगणात टाकली. मी डोळे मिटले. ताईनं मिटले नाहीत. ती खाली गेली, सुतळी सोडली, अंडं बाहेर काढलं. अखंड होतं. त्या अंड्याची भुर्जी मी खाल्ली. इतक्या उंचावरून आलेला पदार्थ मी त्याआधी खाल्लेला नव्हता.

खरी भरणी करताना मात्र त्यानं तणसाच्या आत आणखी एक थर दिला. पिंजलेला कापूस, चांगला बोटभर जाड.

"हा कशाला?" मी विचारलं.

"दवाईले थंड ठेवाचं हाय नं? बाईनंच शिकवलं तिसरीत. बर्फ कसा असते, तं पिंजलेल्या कापसासारखा. तं म्या म्हटलं, बर्फ नाई तं कापूस."

ताईचा चेहरा उजळला. "पाहा. एवढं तरी ध्यानात राहिलं याच्या."

कापसाच्या दुलईत शिरून आजवर कोणाला गारवा मिळालाय का, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण मुकाबला एक शिक्षिका आणि तिचा आज्ञाधारक विद्यार्थी अशा दोघांशी होता, आणि डॉक्टरांनी साध्या हवेला हरकत घेतली नव्हती. मी प्रश्न गिळला.

जाताना डोमाजीनं बजावलं, "वाटेत उघडजा नका. उघडलेली पेटी पुन्हा तशी बसत नाई." मग ठरलं असं की एक पेटी रोजच्या वापरासाठी ताईच्या पर्समध्ये, ती उघडायची. दुसरी माझ्या खांद्यावरच्या बॅगेत, ती बंदच ठेवायची.

सौंसर ते नागपूर विमानतळ

सौंसरला आमचा निरोप समारंभ झाला. एकूण चौदा प्रवासी, आणि बॅनरवर फोटो सव्वीस जणांचे. वरचे बारा न येणाऱ्यांचे, मार्गदर्शक म्हणून. सहलीचे अध्यक्ष जवळच्या रामाकोना गावचे एक निवृत्त अधिकारी आहेत. माणूस मनानं वाईट नाही, पण समोर चार माणसं उभी दिसली की त्यांना माईक आठवतो. लेहच्या भिक्खूंचा सत्कार करण्यासाठी त्यांनी काचेची पंधरा स्मृतिचिन्हं बनवून घेतली होती. प्रत्येक मखमली डबीत, आणि सगळ्या डब्या एका चकचकीत कडक सूटकेसमध्ये.

"हे हातातच नेणार," ते म्हणाले. "नाजूक माल आहे." मग माझ्या बॅगेतून डोकावणाऱ्या तणसाकडे त्यांची नजर गेली. "ग्रंथपालसाहेब, विमानात संत्री नेऊन राहिले का?"

"औषध आहे ताईचं."

"काडात? अहो, लोक काय म्हणतील!"

लोकांनी काहीच म्हटलं नाही. लोक हार घालण्यात गुंतले होते. त्यातला एक झेंडूचा हार चुकून पेटीवरही चढला.

विमानतळावर आमच्यापैकी नऊ जण पहिल्यांदाच येत होते, मीसुद्धा. खरं सांगायचं तर माझं काळीज लहान पोरासारखं उडत होतं, पण चेहरा ग्रंथपालाचा असल्यामुळे कोणाला कळलं नाही. सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावरून माझी बॅग आत गेली आणि अडकली. गणवेशातल्या एका तरुण मुलीनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बॉटल है इसमें? खोलिए."

मी चिठ्ठी पुढे केली. ताई मध्ये आली. "बेटा, खोलने को हरकत नहीं. पर फिर बांधेगा कौन? बांधनेवाला पांढुर्ना में बैठा है."

त्या मुलीनं चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. यंत्रात पेटी पुन्हा फिरवली. कापडाची एक पट्टी बाहेरून घासून तपासली. मग नाक जवळ नेऊन थबकली.

"इसमें संतरा है क्या?"

"पहले था," ताई म्हणाली.

मुलगी हसली आणि तिनं पेटी तशीच सोडली. आमच्या मागे अध्यक्षांची सूटकेस उघडली गेली, आणि पंधराच्या पंधरा मखमली डब्या एकेक करून टेबलावर मांडाव्या लागल्या.

दिल्लीहून लेह

दिल्लीच्या पुढचं विमान पहाटेचं होतं. उजाडलं तेव्हा खाली हिमालय होता. मी खिडकीची जागा ताईला दिली होती. तिनं काचेला कपाळ टेकवलं ते उतरेपर्यंत उचललं नाही. बोटानं ती शिखरं मोजत होती आणि मध्येच म्हणत होती, "हे सारं माह्या फळ्यावर होतं रे. खडूनं काढत होती मी." पण बर्फ लांबचा होता, आणि काचेतून पाहिलेला ती धरत नव्हती. "हाताले लागला पाहिजे," असं तिचं म्हणणं.

घात झाला तो विमान थांबल्यावर. चाकं थांबताच आमची सगळी मंडळी विमान पळून जाईल अशा घाईनं उभी राहिली. अध्यक्षांनी डोक्यावरचा कप्पा उघडला, आणि त्यांची सूटकेस माझ्या बॅगेला सोबत घेऊन खाली आली. बॅग आधी पडली, तिच्यावर सूटकेस. सूटकेसमधून काच फुटल्याचा लांबलचक, व्यवस्थित आवाज आला.

माझ्या बॅगेतून आवाज आला नाही.

मी ती छातीशी धरून खाली उतरलो. बाहेर हवा अशी की नाकात सुई गेल्यासारखी, आणि आकाश... असो, ते कपाटात आहे. एका कोपऱ्यात जाऊन मी पेटी कानाशी धरून हलवली. पेटी बोलली नाही. पण माल शाबूत आहे म्हणून बोलली नाही, की आधीच फुटून कापसात मुरलाय म्हणून? इन्सुलिनला एक उग्र, दवाखान्यासारखा वास असतो. मी पेटी हुंगली. संत्री. फक्त संत्री. उघडून पाहावं तर डोमाजीची ताकीद आठवली, आणि त्याहून जास्त म्हणजे आत काय दिसेल याची भीती वाटली. ताई पुढे कोणाला तरी 'जुले', म्हणजे तिथला नमस्कार, म्हणायला शिकत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

लेह, पहिले दोन दिवस

आम्ही उतरलो ते घर एका लडाखी बाईंचं. त्यांना सगळे आमा-ले म्हणतात, म्हणजे आई, आदरानं. वयानं ताईएवढ्याच, चेहऱ्यावर उन्हानं काढलेल्या बारीक रेघा. त्यांनी पहिला हुकूम सोडला की दोन दिवस कोणीही हिंडायचं नाही, इथे हवा पातळ आहे. आमची मंडळी हा हुकूम मानायच्या विचारात नव्हती, पण जिन्याच्या सातव्या पायरीवर सगळ्यांनी मानला.

मग त्यांनी चहा आणला. लोणी आणि मीठ घातलेला. आमच्याकडे चहात मीठ पडलं तर सुनेच्या माहेरापर्यंत बोलणी जातात. मी दोन घोट घेतले आणि तिसऱ्यासाठी मनाची तयारी करू लागलो. ताईनं मात्र कप रिकामा करून पुढे केला. तिचे डोळे भरून आले होते.

"काय झालं ताई?"

"वीस वर्षात पहिलं घर रे, जिथं 'तुमचा बिनसाखरेचा का?' असं कोणी विचारलं नाई. साऱ्यायचाच बिनसाखरेचा!"

आमा-लेंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांनी ताईचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. तिथे मधोमध मोठी लोखंडी चूल, भिंतीला घासून चमकवलेली तांब्या-पितळेची भांडी. भांडी दाखवण्यासाठी मांडायची ही हौस आमच्यासारखीच. आमच्याकडे भांड्यांच्या मागे टीव्हीचा रिकामा खोकाही लपवलेला असतो. जेवायला स्क्यू होतं, कणकेचे अंगठ्यानं दाबलेले तुकडे रस्सेदार भाजीत शिजवलेले. ताईनं एक घास घेतला आणि निकाल दिला, "वरणफळं आहेत. शेपू नाई टाकला फक्त." बदल्यात तिनं पांढुर्ण्याहून आणलेली सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची तिखट वडी, काढली. आमा-लेंनी एक खाल्ली, पाणी प्याल्या, आणि दुसरी उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खोलीत काचेच्या मोठ्या खिडकीतून ऊन आलं. बाहेर स्वेटर लागत होता आणि आत अंथरूण तापलं होतं. ताईच्या डोक्यात एकदम पांढुर्ण्याचा एप्रिल जागा झाला.

"दवाई खराब होईन," ती म्हणाली.

वीज जाते तेव्हा ती घरी जे करते तेच तिनं इथे केलं. पर्समधली पेटी उघडलेलीच होती, तिच्यातल्या दोन्ही बाटल्या काढल्या, स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि डबा खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, वाऱ्याला ठेवला. संध्याकाळचा डोस झाल्यावर तो पुन्हा तिथेच गेला. मी पाहत होतो. मला ते अगदी बरोबर वाटलं. सौंसर-पांढुर्ण्याच्या कोणत्याही माणसाला बरोबरच वाटलं असतं. शत्रू एकच, ऊन. त्याच्याशी लढायचं आम्हाला जन्मापासून ठाऊक आहे.

लेह, तिसरी सकाळ

या दिवशी आठ वाजता खिंडीत जायचं होतं, बर्फात. ताई सहाला उठून तयार. खिडकी उघडून तिनं डबा आत घेतला.

फडकं पत्र्यासारखं झालं होतं. डब्याचं झाकण निघेना. निघालं तेव्हा आतल्या दोन्ही बाटल्यांत पांढरा खडा. एकीला मानेपासून तळापर्यंत तडा.

ताईनं तडा गेलेली बाटली उजेडात धरली. मग म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलं होतं. आपण हासलो होतो."

आवाज ऐकून आमा-ले आल्या. डबा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाहर? रात को? यहां तो आलू भी हम जमीन के अंदर सुलाते हैं!" त्यांच्या घरची औषधं त्यांनी दाखवली, चुलीपासून दोन हात लांब खुंटीला टांगलेल्या लोकरीच्या मोज्यात. आमच्याकडे माठ, त्यांच्याकडे मोजा.

अध्यक्ष आले. त्यांनी परिस्थितीचा आढावा घेतला, म्हणजे जे सगळ्यांना दिसत होतं ते मोठ्यानं सांगितलं. औषधाचं दुकान दहाला उघडतं, आमा-लेंनी दुकानदाराला घरी फोन लावला. ताईला लागतं ते मिश्र इन्सुलिन त्याच्याकडे नव्हतं; मागवतो म्हणाला, उद्या-परवा येईल. आणि एवढ्यात मिलिंदचा रोजचा फोन आला. ताईला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुना दोष. तिनं सगळं सांगून टाकलं.

"मामाला दे," तो म्हणाला. "मामा, दुसरी पेटी आहे ना? ती ठीक असेल तर जा. नाहीतर आजच परतीचं तिकीट काढतो. मी थांबतो फोनवर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेटी माझ्या उशाशी होती. पडल्यापासून दोन्ही रात्री मी तिला रजईत घेऊन झोपलो होतो, काच वाजते का ते ऐकत.

"ताई," मी म्हणालो, "एक सांगायचं राहिलं. विमानात ही पेटी..."

"पडली. अध्यक्षांची सूटकेस तिच्यावर पडली. मले माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"एक डोळा चालते नं माहा अजून! तू दोन दिवस पेटी हुंगत फिरून राहिला, मी म्हटलं सांगन केव्हातरी. आता उघड."

चुलीशेजारच्या बुटक्या टेबलावर मी पेटी ठेवली. फोन तिच्या बाजूला, चालूच. सुतळीची गाठ माझ्या बोटांना सुटेना. आमा-लेंनी दातांनी सोडवली. वरची फळी एका कोपऱ्यात चिरली होती, ते मला आधी दिसलंच नव्हतं. मी तणस काढू लागलो. ते निघता निघेना, इतकं ठासून भरलेलं. मुठी-मुठीनं टेबलावर ढीग झाला, आणि लेहच्या त्या स्वयंपाकघरात पांढुर्ण्याची मंडी दरवळली.

मग कापूस. मी तो दोन बोटांनी दाबून पाहिला. ओला आहे का? कळेना, माझीच बोटं घामेजली होती.

"आण इकडे," ताई म्हणाली. तिनं कापूस उलगडला, जखमेवरची पट्टी काढावी तसा. बाटली बाहेर आली. सबंध. दुसरी. तीही सबंध. आतलं औषध पातळ, दुधट, जसं असायला हवं तसं. तिनं बाटली तळहातांमध्ये घोळवली, मग गालाला लावली.

"कोमट आहे," ती म्हणाली. "घरच्यासारखी."

"मामा? काय झालं?" फोनमधून मिलिंद ओरडत होता.

"डोस झाला की निघतो," मी म्हणालो. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. या प्रवासातली त्यांची ही पहिली कृती, जी मला मनापासून पटली.

खिंडीत

वाटेचं वर्णन मी करणार नाही, कारण अर्धी वाट मी डोळे मिटून केली. रस्ता डोंगराला बाहेरून शिवलेल्या काठासारखा. दुसऱ्या बाटलीला या वेळी आमा-लेंच्या घरचा लोकरी मोजा मिळाला होता, आणि मोजा ताईच्या स्वेटरच्या आत होता.

वर गाडी थांबली. वाहनचालकानं सांगितलं, पंधरा मिनिटं, जास्त नाही, आणि धावायचं नाही. मंडळी बॅनर उघडू लागली. वारा तो उघडू देईना. सव्वीस चेहरे फडफडत होते. ताई हळूहळू दुसऱ्या बाजूला गेली, जिथे रस्त्याकडेला बर्फ साठला होता. मी मागोमाग.

तिनं हातमोजे काढले. वाकली. मूठभर बर्फ उचलला आणि हातात चुरला. पुन्हा उचलला. तोंडात टाकला. मग ताठ उभी राहून तिनं डावा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या रांगा उजव्या डोळ्यानं पाहून घेतल्या, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर हात बदलला, आणि तेवढ्याच सावकाश डाव्या डोळ्यानंही पाहिल्या. त्या डोळ्याला काय दिसलं असेल ते मी विचारलं नाही.

"गौतम," ती म्हणाली, "मोठी चूक झाली रे."

मी दचकलो. "मोजा कुठे आहे?"

"मोजा आहे. बर्फाचं म्हणते मी. कापसासारखा नाई हा. जरासाई नाई. करकर वाजते. खड्याच्या मिठासारखा आहे पाहा." तिनं माझ्या हातावर ठेवला. खरंच, जाडं मीठ. "इतकी वर्षं पोट्ट्यायले कापूस सांगितला मी. कधी न पाहिलेलं छातीठोक सांगितलं."

खिंडीत, त्या उंचीवर, वाऱ्यात उभं राहून माझी बहीण शाळेची चूक आठवून हळहळत होती आणि त्याच वेळी लहान मुलीसारखी हसत होती. मी तिचा फोटो काढला. बॅनर त्यात नाही.

पुन्हा पांढुर्णा

परतताना आमा-लेंनी त्यांच्या झाडाची सफरचंदं दिली. ताईनं ती डोमाजीच्याच पेट्यांत, त्याच्याच तणसात भरली आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं.

त्यानं पेटी घेतली, कानाशी धरली, हलवली, आणि तोंड वाकडं केलं. "बोलून राहिली, बाई."

"म्या भरली आहे. मले कुठं येते तुह्यासारखी भरणी?"

त्यानं उघडली. दोन सफरचंदं दबली होती. ती त्यानं बाजूला काढून आधी खायला घेतली, आणि मी त्याला सगळं सांगितलं. सूटकेस कशी पडली, खिडकीतल्या बाटल्या कशा गोठल्या, त्याची पेटी कशी उघडली आणि आतलं औषध घरच्यासारखं कोमट कसं निघालं.

"कोमट?" तो दुखावला. "म्या तं थंड राहाले कापूस भरला होता."

ताईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्गात माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला तेवढा वेळ लागतो.

"डोमा, म्या तुले चुकीचं शिकवलं. बर्फ कापसासारखा नसते. हातात घेऊन पाह्यला मी. खड्याच्या मिठासारखा असते."

डोमाजी सफरचंद चावत विचार करत राहिला. पेटीच्या तळाशी उरलेला कापूस त्यानं चिमटीत उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग बाईंकडे.

"बरं झालं, बाई, तवा चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. "बरोबर शिकवलं असतं तं म्या पेटीत मीठ भरलं असतं."